सावंतवाडी ते जुने गोवे: चालत्या पायांची प्रार्थना

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाची नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, दरवर्षी २४ नोव्हेंबरला जुन्या गोव्यात सुरू होते आणि ३ डिसेंबरच्या सणापर्यंत सिंधुदुर्गातून, बेळगावकडून आणि गोव्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून भाविक तिकडे पायी जात असतात. आमचा गट सावंतवाडीहून निघतो आणि इन्सुली, बांदा, पत्रादेवी, धारगळ, कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरी, पणजी, रायबंदर असा साठेक किलोमीटरचा रस्ता वाटेत मुक्काम करून कापतो. पायांना फोड येतात, गुडघे बोलू लागतात, हे सगळे खरेच आहे; पण या वारीत मला सर्वांत अवघड वाटते ते इतके तास प्रार्थनेत मन ठेवणे.

चालताना आम्ही जपमाळ मोठ्याने म्हणतो. ‘नमो मरिया’ या माळेच्या मण्यामण्यावर म्हणायच्या प्रार्थनेचा पूर्वार्ध पुढची माणसे म्हणतात आणि ‘पवित्र मरिये, देवाच्या माते’पासूनचा उत्तरार्ध मागची. या वाटणीचा फायदा असा की आपले मन कुठेही भटकत असले, तरी आपली पाळी आली की तोंड उघडावेच लागते. महामार्गावर मात्र पंचाईत होते. कडेने एकेरी रांग धरलेली असते, शेजारून ट्रक गेला की पुढच्यांचा आवाज त्यात बुडतो आणि मागच्यांना कुठे सुरुवात करावी ते कळत नाही. म्हणून रांगेच्या मध्यावर चालणारी एक बाई माळ गुंडाळलेला हात वर धरते आणि पूर्वार्ध संपला की तो खाली आणते. तो हात पाहत राहणे हीच त्या वेळी माझी एकाग्रता असते. काही गटांबरोबर टेम्पो असतो, त्यावर कर्णा आणि ध्वनिमुद्रित भजने असतात. त्यांच्या भक्तीविषयी मला शंका नाही, पण ज्याला उत्तर द्यावे लागत नाही असा आवाज कानावर पडत राहिला की मन सुखाने झोपी जाते, असे माझे मत आहे.

अर्थात उत्तर देण्याचीही सवय होऊन जाते. तासाभरात ओठ आपोआप हलू लागतात आणि मन घरी पोहोचते: गॅसचा नंबर लावायचा राहिला, मुलीची परीक्षा जवळ आली, अंगणात वाळत घातलेले भात कुणी आत घेतले असेल का. आमच्या गटातल्या एका वयस्क मामींना मी एकदा ही तक्रार सांगितली, तेव्हा त्या पाऊल न थांबवता म्हणाल्या, “मन धावता तर धावांदे गो बाय, हातातली माळ सोडू नको म्हणजे झाला.” कॅथलिक चर्चने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मशिकवणीतही प्रार्थनेतल्या विक्षेपांविषयी, म्हणजे मन भटकण्याविषयी, जवळजवळ हेच सांगितले आहे. त्यांचा पाठलाग करू गेले की माणूस त्यांच्याच जाळ्यात सापडतो. मुकाट्याने आपल्या अंतःकरणाकडे परतणे पुरेसे असते. शिवाय मन कुठे पळाले होते यावरून आपण कशात गुंतलो आहोत ते समजते, असेही तिथे म्हटले आहे. भाताचा विचार माझ्या मनात वारंवार येत असेल, तर ते भातच देवापुढे ठेवावे, असा अर्थ मी माझ्यापुरता काढला.

धारगळच्या सपाट रस्त्यावर पहाटे सामुदायिक माळ थांबते आणि ज्याने त्याने आपापली प्रार्थना करायची असते. तेव्हा मी जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेली एक पद्धत वापरते. १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर ज्या सात मित्रांनी एकत्र व्रत घेतले, त्यांत इग्नेशियस आणि फ्रान्सिस झेवियर दोघेही होते; त्यामुळे झेवियरकडे जाणाऱ्या वाटेवर ही पद्धत मला विशेष आपली वाटते. तिच्यात येशूने शिकवलेली ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रभूची प्रार्थना एका श्वासाला एक शब्द अशी मनात म्हणायची असते आणि पुढचा श्वास येईपर्यंत त्या शब्दाच्या अर्थावर किंवा ज्याला उद्देशून तो शब्द आहे त्याच्यावर लक्ष ठेवायचे असते. सपाटीवर माझ्या एका श्वासात तीन-चार पावले बसतात आणि तेवढ्या अवकाशात ‘पित्या’ हा शब्द छान मुरतो. पर्वरीचा चढ लागला की धाप लागते, शब्द एकमेकांवर आदळू लागतात आणि अर्थाला जागाच उरत नाही. तिथे मी लांब प्रार्थना सोडून देते आणि नुसते येशूचे नाव घेते.

इग्नेशियस यांनी आणखी एक मुभा दिली आहे, ती मला अधिक मोलाची वाटते. एखाद्या शब्दात गोडी वाटली तर तिथेच थांबावे, प्रार्थना पुरी करण्याची घाई करू नये. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ या ओळीतल्या ‘आज’ शब्दाशी मी कोलवाळच्या पुलावर थांबले ती पूल ओलांडून बरेच पुढे गेले तरी तिथेच होते. खाली शापोरा नदी होती, तिच्याकडे माझे लक्षही गेले. पण गॅस, परीक्षा, भात हे सगळे उद्याचे होते आणि मागणे तेवढे आजचे होते.

मंगळवारी आणि शुक्रवारी जपमाळेत दुःखाची रहस्ये, म्हणजे येशूच्या दुःखसहनातले मनन करायचे प्रसंग, असतात. येशू क्रूस वाहतो आहे या रहस्यापाशी आले की टाचेचा फोड आठवतो आणि डोळे भरून येतात. इथे मात्र मी स्वतःला जपते. आपल्याच दुखण्याचे कौतुक हा गॅसच्या नंबरापेक्षा अधिक फसवा विक्षेप आहे, कारण तो भक्तीचा वेश घेऊन येतो.

पणजी ते रायबंदर हा १६३४ सालचा पोर्तुगीजकालीन बांधरस्ता संपला की थोड्याच वेळात जुन्या गोव्यातली बॉम जेझू बॅसिलिका, म्हणजे झेवियर यांचे अवशेष ठेवलेले चर्च, दिसते. नोव्हेनाच्या मिस्सा, म्हणजे वेदीपुढच्या सामुदायिक उपासना, बॅसिलिकेबाहेरच्या मंडपात होतात. खरी कसोटी तिथे लागते, कारण पाय थांबले की पावलांचा ठेका जातो, अंग जड होते आणि मन मोकळे सुटते. काहीजण मिस्सा चालू असतानाही माळ ओढत राहतात. मला ते पटत नाही, मी माळ पिशवीत ठेवते. गोव्यातल्या मिस्सेत मला एक मदत आपोआप मिळते. ती कोंकणीत असली की तिथली प्रत्युत्तरे मला अर्धीच येतात. मराठीतली प्रत्युत्तरे मी न ऐकताही देऊ शकते. इथे शेजारचीने काय म्हटले ते नीट ऐकून मगच तोंड उघडावे लागते, आणि बसल्याजागी डुलकी येण्याच्या त्या वेळी तेवढ्यामुळे मी बहुतेक शेवटपर्यंत वेदीकडे लक्ष देऊन असते.