आमची वाटचाल : वेलांटीची बारा कार्डं

तुमचा धंदा नेमका कसला, असं बँकेतले साहेबही विचारतात. चित्र, विणकाम, का म्हाताऱ्या माणसांच्या गप्पा रेकॉर्ड करणं? तिन्ही. सोलापुरात, साखर पेठेत, बंद पडलेल्या मागाच्या खोलीत आमचा स्टुडिओ आहे. तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी, जसं येईल तसं बोलणं ऐकायचं. त्यातलं एक चित्र ग्राफवर, ग्राफवरून कार्डांवर आणि शेवटी चादरीत.

कार्डं अण्णांची. ते पहिल्या दिवसापासूनचे भागीदार. जॅकार्ड म्हणजे मागावर नक्षी उठवणारं यंत्र; त्याचं एक कार्ड म्हणजे बाण्याचा, आडवा, एक धागा. भोक असेल तिथं ताणा, म्हणजे उभा धागा, उचलला जातो. अण्णा प्रत्येक कार्ड खिडकीच्या उजेडाला धरतात. भोक चुकलं तर त्यावर कागदाचा तुकडा खळीनं चिकटवतात. कॉम्प्युटरवाल्यांनी हसू नये.

मग ते दालनाचं काम आलं. शहराच्या आठवणींचं, 1930 च्या मार्शल लॉपासून गिरणीच्या भोंग्यापर्यंत. अख्खा उन्हाळा मी विडी वळणाऱ्या बायकांच्या ओसरीवर काढला, सूत उधारीवर उचललं. मीटिंगमध्ये पेन ड्राइव्ह आणि ग्राफ टेबलावर ठेवून आलो, हा माझा मूर्खपणा. काम गेलं बाहेरगावच्या एका मंडळीला. उद्घाटनाला गेलो तर आमच्या अक्कांचा आवाज स्पीकरवर, आणि खाली पाटी : ‘एक विडी कामगार महिला’.

अक्का म्हणाल्या, “आवाज माझा हाय, मग नाव कुठं गेलं बे?”

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. बोलणाऱ्या बाईला तेवढंही नाही.

त्या दिवाळीत सूतवाला दारात बसून होता. अण्णांनी आठ महिने हिशेबच मागितला नाही. अक्कांनी नातीच्या लग्नाची चादर सांगितली, आईच्या रांगोळीची, आणि आठवड्याच्या आठवड्याला पगारातून पैसे आणून दिले. एवढ्यावर तगलो. नंतरची वर्षं बरी गेली.

नव्या पोरांनो, नमुना दाखवा, ग्राफ सोडू नका. आणि कामगाराच्या घरचा चहा नाकारू नका; खरं बोलणं कप खाली ठेवल्यावर सुरू होतं.

आता प्रत्येक चादरीच्या काठात सांगणाऱ्याचं नाव विणतो. जादा कार्डांचे पैसे लावत नाही. अक्कांच्या नावातली वेलांटीच पहिल्या खेपेला चुकली. अण्णांनी बारा कार्डं परत पंच केली. चुकलेली चादर अक्कांनी परत दिलीच नाही. रोज तीच पांघरतात. बरोबरची पेटीत ठेवलीय.