टपाला भोक पाडताना: आमची वाटचाल

धुळ्यात मुंबई-आग्रा महामार्गाला लागून आमचं वर्कशॉप आहे. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, ते १९९१ साली सुरू केलं तेव्हा एक पत्र्याचं शेड, एक वेल्डिंग मशीन आणि टपावर चढायला दोन लाकडी घोडे एवढंच होतं. सुरत-नागपूर महामार्गही धुळ्यातूनच जातो, त्यामुळे ट्रक, टेम्पो, काळ्या-पिवळ्या जीपा यांना तोटा नव्हता. मृग लागायच्या आधी महिनाभर दारात रांग असायची ती गळक्या टपांची. आप्पा वर चढायचे, जुनं डांबर खरवडायचे, कुजलेला पत्रा कापून ठिगळ जोडायचे, लांबी म्हणजे पुट्टी भरायचे, रंग मारायचे. खाली उतरले की ड्रायव्हरला एकच वाक्य: "आते पानी उनं ते माले सांग." (आता पाणी आलं तर मला सांग.)

त्याच शेडमध्ये मी आज चांगले धडधाकट टप कापतो. कॅम्पर व्हॅनच्या, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशा केलेल्या गाडीच्या, टपात हवा बाहेर काढणारा पंखा बसवणं हे आता आमचं मुख्य काम झालं आहे. ते कसं झालं, कुठे चुकलो आणि काय शिकलो, ते सविस्तर लिहावंसं वाटलं.

२०१९ च्या मार्चमध्ये नाशिकचे एक निवृत्त काका-काकू जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेऊन आले. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी असं सगळं दुसरीकडून करून घेतलेलं. परदेशी राहणाऱ्या मुलीने पाठवलेला बारा व्होल्टचा पंखा खोक्यात तसाच होता. तीन ठिकाणी फिरून आले होते. गाडीच्या टपात चौदा इंच लांब, चौदा इंच रुंद भोक पाडायचं म्हटल्यावर कुणी हात लावेना. काका म्हणाले, "मार्चमध्येच आत बसवत नाही, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) काय होईल?" मी हो म्हणालो. आप्पा खुर्चीतून उठले. "टपले भोक पाडी ऱ्हायना तू?" एवढंच विचारलं आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. ज्या माणसाने तीस वर्षं टपांची भोकं बुजवली, त्याच्या पोटात काय झालं असेल ते मला तेव्हा कळलं नव्हतं. ऑगस्टमध्ये कळलं.

पहिलं काम मी हिमतीवर केलं, माहितीवर नाही. भोक सरळ कापलं, पंखा बसवला आणि चारी बाजूंनी हार्डवेअरच्या दुकानातलं साधं सिलिकॉन सढळ हाताने भरलं. पाण्याची बादली ओतून पाहिली, थेंब आत आला नाही. काका खूष होऊन गेले. श्रावणात ते शहाद्याहून तोरणमाळला चढले, रात्रभर पाऊस लागला, आणि पहाटे काकूंच्या उशाशी गादी ओली. काका रागावले नाहीत, शांतपणे गाडी घेऊन परत आले. त्या शांतपणाचा मला जास्त त्रास झाला.

टप उघडून पाहिला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पहिली: या गाड्यांचा टप सपाट नसतो, त्याला लांबीच्या दिशेने पन्हळी असतात. पंख्याची चौकट मात्र सपाट. ती पन्हळींच्या माथ्यावर टेकते आणि मधल्या खोलगट भागात पोकळी राहते. ती पोकळी मी सिलिकॉनने भरली होती. दुसरी गोष्ट आपल्या हवामानाची. मे महिन्यात धुळ्यात पारा ४३-४४ वर जातो, उन्हातल्या पत्र्याला हात लावता येत नाही, आणि पहाटे तोच पत्रा गार असतो. रोज पत्रा फुगतो आणि आकसतो, प्लास्टिकची चौकट वेगळ्या मापाने फुगते. वर रस्त्याचे हादरे. जाड भरलेलं सिलिकॉन एका कडेने सुटलं होतं, नखाने ओढलं तर पट्टीसारखं निघून आलं. पण जिथे चिकटून होतं तिथे त्याचा तेलकट थर पत्र्यावर राहिला, आणि त्या थरावर दुसरं काहीच धरत नाही, रंगही नाही. तो खरवडून, स्पिरिटने पुसून, पुन्हा घासून काढायला मला दोन पूर्ण दिवस लागले. काकांचे पैसे परत केले आणि काम नव्याने केलं. त्या दिवसापासून आमच्या टपावर सिलिकॉन चढलेलं नाही.

दुसऱ्यांदा काम करताना आप्पा घोड्यावर चढून शेजारी उभे राहिले. पन्हळीचा आकार पुठ्ठ्यावर कसा उतरवायचा ते त्यांनीच दाखवलं. ठिगळ मारताना ते तसंच करत. त्या पुठ्ठ्यावरून आम्ही फायबरची एक बैठक बनवली. खालून पन्हळीत बरोबर बसणारी, वरून सपाट. पाणी अडवण्याचं निम्मं काम ही बैठकच करते. आजही प्रत्येक मॉडेलच्या टपासाठी वेगळा पुठ्ठा कापतो, आणि ते पुठ्ठे शेडमध्ये खिळ्याला टांगलेले आहेत.

आता काम कसं करतो ते सांगतो, कारण ज्याला स्वतः करायचं आहे त्यालाही ते उपयोगी पडेल. आधी आतून पाहायचं. टपाच्या पत्र्याखाली आडव्या कमानी असतात, त्यांवर टपाची ताकद असते. कमान कधीही कापायची नाही, भोक दोन कमानींच्या मध्ये यायला हवं. जागा पक्की झाली की आतूनच मध्यावर बारीक ड्रिल मारून खूण वर काढायची, मग वर जाऊन गुण्या लावून चौकोन आखायचा. आखणीभोवती मास्किंग टेप लावायची, म्हणजे जिगसॉच्या, या विजेवरच्या करवतीच्या, बुडाने रंग ओरखडत नाही. चारी कोपऱ्यांत मोठं भोक पाडून बारीक दात्यांच्या पात्याने सावकाश कापत जायचं. कापलेला तुकडा शेवटी खाली आपटून आतलं फर्निचर खराब करतो, म्हणून खालून एक जण धरून असतो.

लोखंडाचा कीस हा खरा शत्रू. तो डोळ्यांना दिसत नाही, पण रंगावर पडून राहिला की एका पावसात ठिपक्या-ठिपक्यांचा गंज उठतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही गाडी सडवली. आत प्लास्टिकची पिशवी बांधून कीस झेलायचा, वरून व्हॅक्यूम मारायचा, मग कपड्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवायचं. कापलेल्या कडा कानशीने घासून प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्यायचे आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. इथे घाई करणाऱ्या दोन पोरांना मी कामावरून घरी पाठवलं आहे. कड उघडी राहिली तर वरून कितीही चांगलं बुजवा, गंज आतून खात जातो.

टपाचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो, त्यात स्क्रू धरत नाही. म्हणून आतून प्लायची चौकट बसवायची आणि स्क्रू तिच्यात पकडवायचे. बैठकीखाली आणि पंख्याच्या चौकटीखाली ब्यूटाइलची, म्हणजे चिकट रबरासारखी, पट्टी. ही पट्टी वाळत नाही, मऊ राहते, त्यामुळे पत्रा हलला तरी ती सोबत हलते. स्क्रू स्टीलचे, समोरासमोरचे आळीपाळीने, आणि हाताने आवळायचे. मशीनने आवळले की चौकट वाकते आणि सगळा ब्यूटाइल पिळून बाहेर येतो. रात्रभर तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा हलकेच आवळायचे. शेवटी स्क्रूच्या डोक्यांवर आणि कडेने टपासाठीचं खास सीलंट. पंख्याच्या झाकणाची बिजागरी गाडीच्या पुढच्या बाजूला. उलटं बसवलं आणि झाकण उघडं राहिलं, तर लळिंग घाटाच्या उतारावरचा वारा ते उपटून नेतो.

विजेच्या बाबतीतही एकदा मार खाल्ला. सुरुवातीला मी पंख्याची वायर आतल्या दिव्याच्या लाइनला जोडायचो. चांगला पंखा कमी वेगावर अर्ध्या अँपिअरहूनही कमी वीज घेतो, म्हणून मला वाटलं चालून जाईल. पण पूर्ण वेगावर हाच आकडा तीन-चार अँपिअरवर जातो. एका कुटुंबाने रात्रभर तो पूर्ण वेगात ठेवला आणि दिवेही चालू होते. सकाळी गाडी सुरूच झाली नाही, कारण ही सगळी वीज इंजिनच्या बॅटरीतून गेली होती. लहान मुलं घेऊन ते आडरानात अडकले. आता नियम केला आहे: आतल्या वापरासाठी वेगळी बॅटरी नसेल तर मी पंखा बसवत नाही. बॅटरीजवळ फ्यूज, पत्र्यातून जाते तिथे वायरला रबरी बूच. टपावर सोलर असेल तर पंख्याची सावली पॅनलवर पडू नये एवढं अंतर.

सगळ्यात जास्त मला शिकवलं ते सारंगखेड्याच्या यात्रेने. तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. घोड्यांच्या व्यापारातलं एक कुटुंब तिथे पंधरा दिवस आमच्याकडून केलेल्या गाडीत राहत होतं. डिसेंबरमध्ये त्यांचा फोन आला, टप गळतो म्हणून. पाऊस नव्हता, आभाळही नव्हतं. मी मोटारसायकल काढली आणि गेलो. पहाटे दार उघडलं तर टपाच्या आतल्या बाजूने थेंब लोंबत होते, काचा पाणावलेल्या. थंडी म्हणून त्यांनी पंखा बंद, खिडक्या बंद, आणि आतच गॅसवर स्वयंपाक. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. वर पाच माणसांचे श्वास. ही सगळी वाफ थंड पत्र्याला लागून पाणी होत होती. त्यांना खिडकीची चार बोटं फट ठेवून पंखा अगदी कमी वेगावर चालू ठेवायला सांगितलं. दुसऱ्या सकाळी टप कोरडा होता. आणि आत गॅस पेटवून सगळं बंद करणं हे ओलीपेक्षाही फार धोक्याचं आहे, बंद जागेत विषारी वायू साठतो, हेही मी त्या घरच्या माउलीला बसवून समजावलं. तोपर्यंत मी पंखा उन्हाळ्याची वस्तू म्हणून विकत होतो. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला हिवाळ्याचं आधी सांगतो.

उन्हाळ्याचं खरं काय ते मी लपवत नाही. पंखा म्हणजे एसी नव्हे. मोठा पंखा मिनिटाला ९०० घनफूट हवा काढतो असं खोक्यावर लिहिलेलं असतं, आणि गाडीच्या आत जेमतेम ५००-६०० घनफूट हवा असते. पण खिडकी उघडली नाही तर तो आकडा कागदावरच राहतो, हवा येणार कुठून? आणि आलेली हवा बाहेरच्याइतकीच गरम. उन्हात उभ्या गाडीच्या आत भट्टी होते ती पंखा मोडतो, पण बाहेर ४३ असेल तर आत ३० करणं त्याच्या हातात नाही.

तिथे आप्पांनी वाट काढली. आमच्या घरी त्यांच्या लहानपणी दाराला वाळ्याचे पडदे असत. त्यांनी गाडीच्या सावलीकडच्या एका खिडकीला वाळ्याचा पडदा बांधला, वरून एक छिद्र पाडलेली नळी सोडली, बाकी खिडक्या बंद केल्या आणि टपातला पंखा हवा बाहेर फेकायला लावला. आत येणाऱ्या हवेला आता ओल्या वाळ्यातूनच यावं लागत होतं. बाहेर ४२ अंश असताना पडद्यातून येणारी हवा आमच्या थर्मामीटरवर ३१ भरली. खान्देशचा उन्हाळा कोरडा म्हणून हे जमतं. कोकणात किंवा आपल्याकडेच जुलैत पडदा नुसता ओला राहील. नाशिकच्या काकूंनी पहिला पडदा नेला. वाळ्याचा वास गाडीभर सुटतो, त्यासाठीच पुष्कळ जण मागतात.

२०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि कोरोनानंतर लोकांना स्वतःचं अंथरूण घेऊन फिरावंसं वाटू लागलं. पुणे, इंदूर, सुरतेहून गाड्या येऊ लागल्या. काम वाढलं तसे नकारही वाढले. गाडीत फेरबदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, नोंदणी पुस्तकात बदल चढवावा लागतो. कागद न दाखवता "तुम्ही फक्त भोक पाडा" म्हणणाऱ्याला मी चहा पाजून परत पाठवतो. टपावरचा पत्रा गंजून पापुद्र्यासारखा झालेल्या गाड्याही घेत नाही. महिन्याला तीन-चार गाड्या होतात. माझ्यासकट चार माणसं आहेत, आणखी वाढवायची इच्छा नाही, कारण प्रत्येक भोक मला स्वतः पाहायचं असतं.

या मे महिन्यात नाशिकच्या काकांची ती पहिली गाडी पुन्हा आली, सीलंट तपासायला. उन्हाने वरचं सीलंट कडक होऊन केसासारख्या भेगा पडतात, म्हणून वर्षातून एकदा दाखवून न्या असं आम्ही सांगतो. भेगा होत्या, पण खालचा ब्यूटाइल अजून नख रुतेल इतका मऊ होता. वरचा थर काढून नवा दिला. वाळल्यावर मी पाइप घेऊन टपावर चढलो. आप्पांना आता गुडघ्यांमुळे वर चढवत नाही. ते आत पलंगावर बसतात, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात वर्तमानपत्राचा कोरडा कागद. मी वरून अर्धा तास पाणी सोडतो, आणि ते चौकटीच्या चारी कडांना तो कागद टेकवून, काढून, उजेडात धरून पाहत राहतात. त्या दिवशी पाणी बंद करून मी खाली उतरलो तरी ते अजून चौथ्या कोपऱ्याशीच होते. काका-काकू दारात उभे होते. कुणीच त्यांना घाई केली नाही.