तुम्ही विचारलंत म्हणून: योगानं पायांचा बधिरपणा जातो का?

कॅन्सरसाठी केमो झालेल्या बायका भेटल्या की हमखास विचारतात, "तुम्ही योग करता ना, मग पायांचा बधिरपणा गेला का हो?" खरं सांगते, गेला नाही. कमी झालाय. त्यात योगामुळे किती आणि नुसते दिवस गेल्यामुळे किती, ते मला वेगळं काढता येत नाही.

मला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध होतं. नसेच्या टोकापर्यंत लागेल ते पोचवणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यांचंच काम या औषधानं बिघडतं. साहजिकच सगळ्यांत लांब नसा आधी मार खातात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. एकदा घरातल्या घरात डाव्या पायातली चप्पल निसटली आणि मला पत्ताच नाही. दुसऱ्या खोलीत गेल्यावर सहज खाली बघितलं, तर एकच चप्पल. मुंग्या, जळजळ मी सोसत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा घाबरले. आपला पाय कुठे पडतोय हे बघितल्याशिवाय कळत नसेल, तर रात्री अंधारात उठायचं कसं?

माझा योग तिथून सुरू झाला. अवघड आसनं त्यात नाहीतच. खुर्चीची पाठ धरून अनवाणी उभं राहायचं. श्वास सोडत वजन हळूहळू टाचांवरून चवड्यांवर आणायचं, श्वास घेत मागे न्यायचं. मग डावीकडून उजवीकडे. डोळे उघडे. पहिले काही आठवडे तळव्यांकडून काहीच उत्तर येत नव्हतं, घोट्यापाशी मात्र ताण कळायचा. मग मी घोट्यावरच लक्ष ठेवलं. हळूहळू करंगळीखालची कड लागायला लागली, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला रडू आलं. ताई-ची या चिनी व्यायामातही असंच वजन सावकाश सरकवतात.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयातल्या डॉक्टरांचा 2020 साली छापून आलेला एक छोटा अभ्यास आहे, 41 जणांचा. 8 आठवडे योग केलेल्यांचा हात, उभ्या जागी तोल न जाता, आधीपेक्षा पुढे पोचू लागला. पडण्याचा धोका मोजायची ती एक रीत आहे. अभ्यास लहान आहे, त्यावरून नसा बऱ्या होतात असं कुणी सांगितलं तर मानू नका. पण न पडणं ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे.

दुखणं जास्त असेल तर ड्युलोक्सेटिन या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. केमो चालू असतानाच बधिरपणा वाढत असेल तर लगेच सांगा, डोस बदलता येतो. हाडांत आजार असेल तर विचारल्याशिवाय वाकणं-पिळणं नको. आणि गरम पाण्यात पाय घालण्याआधी पाणी कोपरानं बघा, पायांना भाजलेलं कळत नाही.

सुरू करणार असाल तर खुर्ची चाकांची नको. भिंतीला टेकवा, हलवून बघा, मगच चप्पल काढा.