ऑफिसात यूएफओ, आणि कोल्हापुरात त्याची काळजी

नोकरीच्या ठिकाणी मी यूएफओंबद्दल, म्हणजे आकाशात दिसणाऱ्या अनोळखी वस्तूंबद्दल, उघड बोलते, हे कोल्हापुरात आमच्या घरच्यांच्या अजून पचनी पडलेलं नाही. यंदा सुट्टीला आले तर मंगळवार पेठेतल्या मावशीनं चहाचा कप हातात देता देता विचारलंच, "अगं, ते तबकड्यांचं खूळ तू हापिसातबी सांगतीस म्हणं? परक्या मुलखात नोकरी करतीस, जरा जपून ऱ्हा की." तिचा नातू, म्हणजे माझा भाचा, इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला माझ्यासारखीच या विषयाची ओढ. पण प्लेसमेंटच्या सरांनी सांगितलं म्हणून त्यानं सीव्हीतून तो छंद काढून टाकला. "आत्या, कंपनीवाले येडं म्हणतील," हे त्याचं कारण. त्याला गच्चीवर बसून जे सांगितलं, तेच इथं सविस्तर लिहिते आहे, कारण असा विचार करणारा तो एकटा नाही.

मी अमेरिकेत सिएटलजवळ राहते. विमानात बसणारे सेन्सर बरोबर मोजतात की नाही, हे तपासणं माझं काम. आकाश निरभ्र असलं की आमच्या भागातून माउंट रेनियर स्पष्ट दिसतो. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड नावाचा खाजगी वैमानिक या डोंगराजवळून चालला होता. त्याला नऊ चकाकणाऱ्या वस्तू ओळीनं जाताना दिसल्या, आणि आधुनिक यूएफओंची सगळी चर्चा तिथून सुरू झाली. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. त्यानं समोरच्या पॅनलवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्या वस्तूंना रेनियरपासून माउंट अ‍ॅडम्सपर्यंत जायला किती वेळ लागतो, हे त्यानं मोजलं: एक मिनिट ४२ सेकंद. नंतर नकाशावरचं अंतर घेऊन हिशेब केला. आकडा ताशी अडीच हजार किलोमीटरच्या वर गेला, तेव्हा अंतराच्या अंदाजात चूक असू शकते म्हणून त्यानं तो स्वतःच बराच खाली आणून सांगितला. त्यानं काय पाहिलं यावर आजही एकमत नाही. पण काहीतरी विचित्र दिसत असताना घड्याळ बघणारा माणूस माझ्या मते मन लावून काम करणारा माणूस आहे.

आता मावशीची भीती. ती अगदीच निराधार नाही, आणि हे मी भाच्यापासून लपवलं नाही. अ‍ॅरिझोना विद्यापीठातले जेम्स मॅकडोनाल्ड हे वातावरणशास्त्रज्ञ १९७१ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष द्यायला गेले. विषय होता स्वनातीत, म्हणजे आवाजापेक्षा वेगानं उडणाऱ्या, प्रवासी विमानांमुळे ओझोनच्या थराला होणारा धोका. पण हे गृहस्थ यूएफओंचाही अभ्यास करतात एवढ्यावरून त्यांची टर उडवली गेली आणि ओझोन बाजूलाच राहिला. १९८६ च्या नोव्हेंबरात एका जपानी मालवाहू विमानाचे कॅप्टन केंजू तेराउची यांनी अलास्कावर आपल्याबरोबर अनोळखी दिवे चालल्याचं कळवलं. पुढं त्यांना विमानावरून उतरवून ऑफिसात बसवण्यात आलं. असं एक उदाहरण घडलं की बाकीचे शंभर वैमानिक तोंड मिटून घेतात.

बोलणारे कमी, म्हणून पाहणारेही कमी, असं मात्र नाही. स्टॅनफर्डचे खगोलभौतिकशास्त्रज्ञ पीटर स्टरॉक यांनी १९७७ च्या अहवालासाठी अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या २,६११ सदस्यांना प्रश्नावली पाठवली होती. १,३५६ जणांनी उत्तर दिलं. निम्म्याहून अधिक जणांचं म्हणणं होतं की हा विषय नक्कीच किंवा बहुधा अभ्यासण्याजोगा आहे. ६२ जणांनी तर स्वतः काही उलगडा न होणारं पाहिल्याचं लिहिलं. ही सगळी खगोलशास्त्रातली माणसं होती, शुक्राला तबकडी समजणारी नव्हेत.

गेल्या काही वर्षांत हवा बदलली आहे. २०१९ मध्ये अमेरिकी नौदलानं आपल्या वैमानिकांसाठी अशा नोंदी देण्याची नवी पद्धत आखली. जून २०२१ च्या सरकारी अहवालात १४४ घटना होत्या आणि त्यांतली एकच ठामपणे ओळखता आली होती: हवा जात असलेला मोठा फुगा. सप्टेंबर २०२३ मध्ये नासाच्या स्वतंत्र अभ्यासगटानं अहवाल दिला. परग्रहावरून कुणी आल्याचा पुरावा नाही, हे त्यांनी साफ सांगितलं. पण लोक हसतील या धास्तीनं नोंदीच होत नाहीत आणि त्यामुळे माहिती अपुरी राहते, हेही तितक्याच स्पष्टपणे मांडलं. या गटातल्या काही शास्त्रज्ञांनाही या कामापायी त्रास दिला गेला होता. फ्रान्समध्ये तर १९७७ पासून त्यांच्या अंतराळ संस्थेतच अशा नोंदी तपासणारा विभाग आहे.

माझ्या टीममध्ये हा विषय निघाला तो 'गोफास्ट' या अमेरिकी नौदलाच्या व्हिडिओवरून. पाण्यालगत काहीतरी सुसाट चाललंय, असं तो पाहताना वाटतं. जेवणाच्या सुट्टीत मी व्हाइटबोर्डवर त्याचा हिशेब मांडला. विमानाची उंची, वस्तूचं अंतर, कॅमेरा किती अंश खाली वळलाय, हे सगळं पडद्यावरच लिहिलेलं असतं. विमान २५ हजार फुटांवर. अकरावीची त्रिकोणमिती लावली की वस्तू समुद्रावर नसून साधारण १३ हजार फुटांवर निघते. मग वेग दिसतो तो बराचसा आपल्याच विमानाचा. नासाच्या गटानं काढलेला वस्तूचा वेग ताशी चाळीसेक मैल, म्हणजे वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या वस्तूचा असावा इतका. मांडणी संपल्यावर एका सहकाऱ्यानं कॅमेऱ्याच्या कोनातली चूक किती धरलीस असं विचारलं, आणि त्या दिवसापासून टीममध्ये मी 'यूएफओवाली' झाले. एका वरिष्ठांनी नंतर एका बैठकीत त्यावरून शेरा मारला, तो मला लागला. पण माझं काम कुणी माझ्याकडून काढून घेतलं नाही.

मी काही पथ्यं पाळते. कंपनीचा वेळ, उपकरणं, माहिती आणि नाव यांतलं काहीही या छंदासाठी वापरत नाही. माहीत नसेल तिथं 'माहीत नाही' म्हणते. आणि कुणी ऐकायला तयार नसेल तर विषय रेटत नाही.

खरं तर कोल्हापूरला हे शिकवायची गरज नाही. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस किरणोत्सव असतो, तेव्हा मावळतीची किरणं आत येताना आपल्याच कॉलेजांतले प्राध्यापक प्रकाशाची तीव्रता मोजत उभे असतात. ढग, धूळ, दमटपणा, वाटेतल्या इमारतींचे अडथळे, सगळं टिपून घेतात. किरणं चरणांपर्यंत आली की कमरेपर्यंत, ते दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. श्रद्धेच्या गर्दीत मोजमाप घेऊन उभं राहिलं म्हणून त्यांना कुणी वेडं म्हणत नाही.

आणि २ एप्रिल २०२२ आठवा. गुढीपाडव्याची संध्याकाळ होती, महाराष्ट्राच्या आकाशातून जळते तुकडे ओळीनं गेले. लोकांनी न लाजता मोबाइलवर टिपलं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला धातूची मोठी कडी पडली. चिनी रॉकेटचा टप्पा वातावरणात परतताना जळाला असावा, असा खगोल अभ्यासकांचा निष्कर्ष निघाला. वेळ आणि दिशा सांगणारे असंख्य व्हिडिओ हाताशी होते, म्हणून हे इतक्या लवकर जुळवता आलं.

मावशीला मात्र मी जयंत नारळीकरांचं नाव सांगितलं. त्यांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. अंतराळातून पृथ्वीवर सूक्ष्मजीव येत असतील का, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या नावानं विचारला आणि सहकाऱ्यांबरोबर त्याची तपासणीही केली. २००१ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्यातून ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने आणले गेले. आणि याच नारळीकरांनी फलज्योतिषाची चाचणी घेऊन ते टिकत नाही हेही जाहीरपणे सांगितलं. मावशी म्हणाली, "ते मोठं माणूस. त्यांचं चालतंय." तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. नाव झालेल्या माणसाला मोकळीक जास्त मिळते आणि तिसऱ्या वर्षाच्या पोराला कमी, हे खरंच आहे.

म्हणूनच भाच्याला मी सीव्हीत 'यूएफओ' असा मोकळा शब्द टाकायला सांगितलं नाही. त्यानं जे केलंय ते लिहायला सांगितलं: "आकाशातील अनोळखी वस्तूंच्या व्हिडिओंवरून अंतर आणि वेग काढणे, पायथनमध्ये." त्याचा प्रोग्राम खराच तयार आहे. स्टारलिंकच्या, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या, उपग्रहांची माळ तो वेळेसकट ओळखतो. मुलाखतीत "एलियनवर विश्वास आहे का?" हा प्रश्न येणारच. "पुरावा मिळालेला नाही, मी नोंदी तपासतो," एवढं म्हणायचं आणि लॅपटॉप उघडायचा. त्या रात्री आम्ही गच्चीवर तीनदा हे उत्तर घोकलं. तिसऱ्या वेळी तो न अडखळता बोलला, आणि नवा सीव्ही त्यानं माझ्यासमोरच सरांना पाठवला.