कार्बन जाळण्याच्या पद्धतीला पेटंट मिळावे काय?

उत्प्रेरकावर, म्हणजे रासायनिक अभिक्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थावर, साचलेला कार्बन हवेत जाळून काढला की तो पुन्हा काम करू लागतो, हे रसायनशास्त्राच्या पदवीधराला ठाऊक असते. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात शिकून आता एका कारखान्यात असलेला माझा विद्यार्थी दिवाळीला गावी आला, तेव्हा त्याने नेमके हेच विचारले, "सर, जाळणे तर जुनेच आहे, मग आमच्या पुनरुज्जीवनाच्या पद्धतीला पेटंट कसे मिळेल?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर तपशिलात दडलेले आहे.

आमच्या प्रयोगशाळेतील मफल भट्टीतून काढलेली उत्प्रेरकाची गोळी वरून पांढरी दिसते, आणि फोडली की आत काळा गाभा निघतो. कारण ऑक्सिजन आतपर्यंत सावकाश पोहोचतो. घाई करून हवा वाढवली तर उष्णता एकाच जागी कोंडते, गोळीतील प्लॅटिनम या क्रियाशील धातूचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि उत्प्रेरकाचा कामाचा पृष्ठभाग कमी होतो. म्हणून नॅफ्थाच्या रिफॉर्मिंगमध्ये, म्हणजे खनिज तेलाच्या या हलक्या भागापासून पेट्रोलचे घटक बनवण्याच्या प्रक्रियेत, उत्प्रेरकावरचा कार्बन आधी थोड्या ऑक्सिजनवर जाळतात, नंतर क्लोरीनयुक्त हवेने प्लॅटिनम पुन्हा पसरवतात आणि शेवटी हायड्रोजनने त्याचे क्षपण करतात, म्हणजे त्याला पुन्हा धातुरूपात आणतात. हा क्रम सर्वज्ञात आहे. त्यात ऑक्सिजनचे प्रमाण किंवा तापमान जरासे इकडेतिकडे करून तेवढ्यावर हक्क सांगणे मला पटत नाही.

पेटंट कायदा, 1970 च्या कलम 2(1)(जेए) नुसार शोधात तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व तर हवेच, शिवाय तो त्या विषयातील कुशल व्यक्तीला सहज सुचण्यासारखा नसावा. बिश्वनाथ प्रसाद प्रकरणात 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कारखान्यातील नेहमीच्या कारागिरीइतकीच सुधारणा पेटंटला पुरत नाही. याच प्रश्नावरील अमेरिकेतील 1966 च्या ग्रॅहम खटल्याचा विषय तर दगडाळ जमिनीत चालणारा नांगर होता, आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याला तो चटकन समजेल: फणाची दांडी बिजागरीच्या पट्टीच्या वरून खाली नेली, एवढा बदल न्यायालयाला पुरेसा वाटला नाही. आपल्या कलम 3(ड) चीही अट आहे. ज्ञात प्रक्रियेच्या निव्वळ वापरातून नवे उत्पादन निघाले नाही किंवा निदान एक नवा अभिकारक (अभिक्रियेत भाग घेणारा पदार्थ) वापरला नाही, तर तो शोध ठरत नाही.

मात्र प्रत्येक पायरी जुनी आहे म्हणून सगळी जुळणी उघडच होती, असे म्हणणे हा अन्याय आहे. उत्तर हाती आल्यावर वाट सोपीच दिसते. पेटंट परीक्षकाने अर्जाच्या तारखेला उपलब्ध असलेल्या ज्ञानावरच उभे राहून पाहायला हवे. त्या ज्ञानाने कुशल माणसाला या बदलाकडे नेले असते काय, आणि यशाची वाजवी अपेक्षा दिली असती काय? समजा, क्लोरीनची पायरी कार्बन जाळण्याच्या आधी घेतली आणि तरीही प्लॅटिनम अधिक चांगले पसरले, तर ते अनपेक्षित म्हणावे लागेल.

माझ्या विद्यार्थ्याला मी सांगितले, की एकाच खेपेच्या गोळ्या जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धतींनी पुनरुज्जीवित कर, हायड्रोजनच्या अधिशोषणाने, म्हणजे प्लॅटिनमच्या पृष्ठभागाला किती हायड्रोजन चिकटतो यावरून, प्लॅटिनमचा प्रसार मोज, आणि अर्ज दाखल होईपर्यंत हे आकडे कोणत्याही परिसंवादात मांडू नकोस.