डांग्या खोकल्याची लस आणि बाळाचे पहिले दीड महिने

मागच्या मंगळवारी, गर्भारपणाच्या तिसाव्या आठवड्यात, नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात मी डांग्या खोकल्याची लस घेतली. हे माझे दुसरे बाळंतपण आहे. पाच वर्षांपूर्वी, पहिल्या खेपेस, या लशीचे नावही मला कोणी सांगितले नव्हते आणि ती गोष्ट आजही मनाला लागते.

तेव्हा कार्डावर दोन इंजेक्शनांची नोंद होती, त्यामुळे घ्यायचे ते सगळे घेऊन झाले, असेच मी समजत होते. सरकारी केंद्रात गर्भवतीला मोफत मिळणारी टीडी लस धनुर्वात आणि घटसर्प या दोन रोगांपासून संरक्षण देते. डांग्या खोकल्याचा घटक तिच्यात नसतो. तो टीडॅप या लशीत असतो आणि ती बहुधा खासगी दवाखान्यात स्वतःच्या खर्चाने घ्यावी लागते. स्त्रीरोगतज्ज्ञांची फॉग्सी ही संघटना ती 27 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान घेण्याची शिफारस करते. या वेळी टीडीची पहिली मात्रा झालेली असल्यामुळे दुसरीच्या जागी टीडॅप देण्याचे डॉक्टरांनी ठरवले, म्हणजे एकही इंजेक्शन वाढले नाही.

घरी सासूबाईंना हे पटत नव्हते. ‘आठव्या महिन्याच्या तोंडावर कशाला गं नवीन औषध?’ असे त्या दोन दिवस म्हणत होत्या. ही लस आईपेक्षा बाळासाठी आहे, हे मी त्यांना समजावून सांगितले. डांग्या खोकल्याचा घटक असलेली बाळाची स्वतःची पहिली पेंटाव्हॅलंट लस सहाव्या आठवड्यात दिली जाते, पुढच्या मात्रा दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. म्हणजे ज्या दिवसांत हा रोग सर्वाधिक जिवावर बेततो, नेमक्या त्याच दिवसांत बाळाजवळ स्वतःचे काहीच नसते. इतक्या लहान बाळाला पुष्कळदा तो ओळखीचा ढासेचा आवाजही येत नाही. त्याचा श्वासच मध्ये थांबतो आणि ते निळे पडते. आईने वेळेत लस घेतली, तर साधारण दोन आठवड्यांत तिच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर तयार होतात आणि वारेतून बाळाला मिळतात. ती कालांतराने कमी होतात, म्हणून प्रत्येक गर्भारपणात लस नव्याने घ्यायची असते. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2012 पासून गर्भवतींना ही लस देऊ लागले आणि तिथल्या अभ्यासात तीन महिन्यांखालच्या बाळांना तिच्यामुळे सुमारे 90 टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले.

निळे पडण्याचा उल्लेख ऐकताच सासूबाई गप्प झाल्या. मग त्यांनी नागपुरातल्याच महाल भागातल्या माहेरची आठवण सांगितली: धाकटा भाऊ पाळण्यात खोकता खोकता काळानिळा व्हायचा, प्यालेले सगळे दूध उलटून पडायचे आणि त्यांची आई रात्रभर त्याला उभा धरून बसायची. तो वाचला. लस घ्यायच्या दिवशी त्या स्वतःहून माझ्यासोबत आल्या.

नागपूरचा मे महिना असल्यामुळे मला लशीचीच काळजी होती, कारण ती 2 ते 8 अंशांतच ठेवावी लागते. ती बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्माकोलच्या डब्यातून आली. तळाशी बसलेला पांढरा थर पूर्ण मिसळून द्रव एकसारखा दुधट होईपर्यंत सिस्टरांनी सिरिंज हलवली आणि मग दंडात इंजेक्शन दिले. रात्री दंड ठणकला, दुसऱ्या दिवशी थोडी कणकण वाटली, एवढेच.

त्याच आठवड्यात थोरल्याचा पाच वर्षांचा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टरही महापालिकेच्या दवाखान्यात देऊन आणला, कारण तान्ह्या बाळाला हा खोकला बहुतेकदा घरातल्याच कोणाकडून लागतो.

बाळाची सहा आठवड्यांची लस आता पोळ्याच्या आसपास येईल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, रोगराई घेऊन जाते असे मानल्या जाणाऱ्या मारबत या पुतळ्याच्या मिरवणुकीत ‘खासी-खोकला घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी लहानपणापासून ऐकत आले आहे. सासूबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या आठवड्याभोवती आत्ताच लाल पेनाने गोल केला आहे.