लाइव्ह लोकेशन

भाचीचा साखरपुडा झाला तेव्हा आम्ही सगळे खूश. मुलगा इंदूरचाच, मराठी घर, नोकरी पक्की, सुदामानगरात स्वतःचं घर. आणखी काय बघायचं?

मग एका रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत आम्ही दोघी भुट्ट्याचा कीस खात उभ्या होतो आणि तिचा फोन थांबेचना. "कुठेयस? कोणाबरोबर? लोकेशन पाठव." पाठवलं. लगेच व्हिडिओ कॉल, "मावशी दिसू दे." मी दिसले, तर वाकून नमस्कार केला! अगदी गोड. कीस मात्र तिच्या हातात गार झाला.

"मावशी, त्याचा फोन आला की पोटात गोळाच येतो गं."

ताई म्हणाली, काळजी करतो बिचारा. अगं, काळजीवाला "पोचलीस का?" विचारतो आणि झोपतो. पुरावे मागत नाही.

भाचीने त्याला स्पष्ट सांगितलं: लोकेशन नाही, पासवर्ड नाही, ऑफिसच्या वेळेत फोन नाही. तो चिडला, मग रडला, मग विजयनगरला तिच्या ऑफिसखाली येऊन उभा राहिला. तिथेच लग्न मोडलं. कुजबुज झाली, व्हायचीच.

मेसेज तरी येतच राहिले. तिने "संपर्क करू नकोस" एवढंच लिहून पाठवलं आणि स्क्रीनशॉट जपून ठेवले. बाईने स्पष्ट नको म्हटल्यावरही वारंवार पाठलाग करणं, संपर्क साधणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरला तरी ३ वर्षांपर्यंत कैद. महिला हेल्पलाइन १८१ आहेच.

ताईला अजून वाटतं, थोडं सांभाळून घ्यायला हवं होतं. यावर आमचं जमत नाही, जमणारही नाही.